मोटारसायकलच्या गरम मुठी

महाराष्ट्रातून दर उन्हाळ्यात कित्येक तरुण मोटारसायकलवरून लडाखला जातात. लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे, तर जवळची खारदुंग ला ही खिंड ५,३०० मीटरांहून उंच. दर किलोमीटर उंचीमागे हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे लेहपेक्षा खिंडीत सुमारे १२ अंश सेल्सिअस अधिक थंडी! त्यात समोरून येणारा वारा हातांची ऊब पळवतो. शरीरही हृदय, मेंदू यांची उष्णता राखण्यासाठी बोटांकडील रक्तप्रवाह कमी करते. बोटे बधिर होतात.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. ब्रेक आणि क्लच बोटांनीच दाबायचे असतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद जरी उशीर झाला, तरी गाडी ८ मीटर पुढे गेलेली असते! म्हणूनच थंड प्रदेशात हँडलला विजेवर तापणाऱ्या मुठी बसवतात. त्यांचे शास्त्र तुम्ही शाळेत शिकलेलेच आहे.

उष्णता किती?

तारेतून विद्युतप्रवाह गेला की तार तापते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि तारेच्या रोधाच्या प्रमाणात असते, हे जेम्स ज्यूल याने १८४१ साली दाखवून दिले. मुठीच्या रबराखाली अशीच एक रोध असलेली तार किंवा पातळ पट्टी असते.

समजा, प्रत्येक मुठीचा रोध ८ ओहम आहे आणि बॅटरी १२ व्होल्टची आहे. दोन्ही मुठी समांतर जोडल्या, तर प्रत्येकीला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात. ओहमच्या नियमानुसार प्रत्येकीतून १.५ अँपिअर प्रवाह जाईल आणि १२ × १.५ = १८ वॉट शक्ती मिळेल. दोन्ही मिळून ३ अँपिअर आणि ३६ वॉट.

त्याच मुठी एकसर जोडल्या तर? एकूण रोध १६ ओहम, प्रवाह ०.७५ अँपिअर आणि शक्ती फक्त ९ वॉट, म्हणजे चौथाई! तेव्हा जोडणी बदलणारे बटण बसवले, तर त्याच दोन मुठींपासून ‘जास्त’ आणि ‘कमी’ अशी दोन प्रकारची ऊब मिळू शकते.

जोडणी कशी करावी?

बॅटरीच्या धन टोकापासून निघालेल्या तारेत, टोकाच्या अगदी जवळ, ५ अँपिअरचा फ्यूज घालतात. जवळच का? कारण तार पुढे कोठेही घासून गाडीच्या सांगाड्याला टेकली, तर फ्यूज आधी वितळावा आणि तार पेटू नये. फ्यूज लांब असेल, तर त्याच्या मागच्या तारेला संरक्षणच नसते.

त्यानंतर येतो रिले. हा विद्युतचुंबकावर चालणारा खटका होय. किल्ली फिरवली की त्याच्या वेटोळ्यातून अल्प प्रवाह जातो, लोखंडी पट्टी ओढली जाते आणि मुठींचा मोठा प्रवाह सुरू होतो. किल्ली काढली की तो आपोआप बंद. रिले नसेल आणि बटण चुकून सुरूच राहिले, तर ९ अँपिअर-तासांची बॅटरी तीन तासांच्या आतच रिकामी होईल. निर्जन घाटात ही चूक महागात पडते.

उजव्या मुठीची तार थोडी सैल ठेवावी लागते, कारण वेग वाढवताना ती मूठ फिरते. तार ताणलेली असेल, तर वारंवार पीळ बसून ती तुटते. आणखी एक गंमत पाहा. डावी मूठ थेट धातूच्या नळीवर बसते, तर उजवी बहुधा प्लॅस्टिकच्या फिरत्या नळीवर. धातू उष्णतेचा सुवाहक असल्यामुळे डावी मूठ कमी गरम लागते! म्हणून काही उत्पादक डाव्या मुठीची शक्ती थोडी अधिक ठेवतात.

सैल जोडाचा धोका

आता समजा, एक जोड नुसताच पिळून चिकटपट्टीने गुंडाळला आणि त्याचा रोध १ ओहम झाला. समांतर मुठींचा एकूण रोध ४ ओहम. जोडासह ५ ओहम. प्रवाह २.४ अँपिअर. जोडात निर्माण होणारी शक्ती २.४ × २.४ × १, म्हणजे सुमारे ५.८ वॉट. मुठींना ३६ ऐवजी केवळ २३ वॉट मिळतात. हात गार राहतात आणि जोड मात्र तापून वितळतो! प्रवाह ३ अँपिअरपेक्षा कमीच असल्यामुळे फ्यूजही वितळत नाही. म्हणून प्रत्येक जोड डाख देऊन किंवा योग्य टोपण दाबूनच करावा.

करून पाहा

टॉर्चचे दोन सारखे बल्ब आणि दोन सेल घ्या. बल्ब आधी समांतर, मग एकसर जोडा आणि प्रकाशातील फरक टिपून ठेवा. घरातील विजेवर हा प्रयोग मुळीच करू नका.

आता एक उदाहरण सोडवा. मुठी प्रत्येकी ६ ओहमच्या असून समांतर जोडल्या आहेत. इंजिन चालू असताना विभवांतर १४ व्होल्टपर्यंत चढते. ५ अँपिअरचा फ्यूज टिकेल का? आणि ५ ओहमच्या मुठी असत्या तर?