तारीख हलणार नाही

गंगापूर रोड, नाशिक

चि. सोनू,


तू टीम लीड झालीस आणि पहिलंच काम सिंहस्थाचं मिळालं, हे ताईकडून कळलं तेव्हा फार बरं वाटलं. पंचवटीतले लॉज, धर्मशाळा आणि घरगुती खोल्या यांचं आरक्षण एका जागी आणायचं, सहा जणांची टीम. ताई म्हणाली, पोरगी खूश आहे पण रात्री झोपत नाही. फोनवर तू घाईत असतेस, म्हणून सगळं सावकाश लिहितेय.

तू पाठवलेला आराखडा मी नीट वाचला. स्प्रिंट हा शब्द त्यात जागोजागी आहे. पण पहिले सहा स्प्रिंट गरजा गोळा करण्याचे आणि डिझाइनचे, त्यानंतर कितीतरी स्प्रिंट कोडिंगचे, आणि टेस्टिंग जून 2027 मध्ये. लॉजमालकाच्या हातात पहिली चालणारी वस्तू पडते ती जुलैअखेर. पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्टला आहे. म्हणजे जुन्याच पद्धतीच्या आराखड्याचे तू पंधरा-पंधरा दिवसांचे तुकडे पाडलेस. त्यातला एकही तुकडा स्वतंत्रपणे कुणाच्या उपयोगाचा नाही, आणि माझी सगळी काळजी तिथेच आहे.

आपल्या धंद्यात तारखा पुढे जातात, सगळ्यांना त्याची सवय झालेली असते. सिंहस्थाची तारीख गुरूच्या भ्रमणावर ठरते, तिच्यापुढे कुणाचंही काही चालत नाही. तारीख पक्की असेल तर हलवण्यासारखं काय उरतं? माणसं वाढवता येतील, असं तुझे वरिष्ठ मे महिन्यात नक्की म्हणतील. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएममधल्या अनुभवावरून 1975 च्या पुस्तकात लिहून ठेवलं, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरवर आणखी माणसं घातली की ते आणखी लांबतं. नव्या माणसाला शिकवायला जुन्याचाच वेळ जातो. शिवाय सहा जणांत बोलण्याच्या जोड्या पंधरा होतात, दहा जणांत पंचेचाळीस. उरला दर्जा. तो कमी केलास तर एकच खोली दोन कुटुंबांना दिली जाईल आणि आजी-आजोबा रात्री सामान घेऊन रस्त्यावर उभे राहतील. त्याला हात लावायचा नाही. म्हणजे हलवता येतं ते एकच: काय करायचं आणि काय सोडायचं.

सोडणं अवघड असतं, मला माहीत आहे. पण निफाड-दिंडोरीकडचे द्राक्ष बागाईतदार विरळणी करतात ती आठव. घडातले चांगले, हिरवेगार मणी ते हाताने काढून टाकतात, कारण सगळे ठेवले तर एकही नीट फुगत नाही. तुझ्या बॅकलॉगमध्ये मी साठ-सत्तर गोष्टी पाहिल्या. त्यातल्या पुष्कळ चांगल्या आहेत, आणि तरी त्या काढाव्या लागतील.

काय ठेवायचं ते कसं ओळखायचं, याचं उदाहरण आपल्याच गावात घडलेलं आहे. 27 ऑगस्ट 2003 ला इथे कुंभात चेंगराचेंगरी झाली आणि 39 माणसं गेली. पुढच्या सिंहस्थाआधी, 2014 पासून, एमआयटी मीडिया लॅबमधले रमेश रासकर, जे मूळचे नाशिकचेच, आणि इथले विद्यार्थी, डॉक्टर, उद्योजक असे अनेक जण मिळून कुंभथॉन नावाने शिबिरं भरवू लागले. माणसं पुनःपुन्हा एकत्र यायची, गावातले प्रश्न गोळा करायची, नमुने बनवायची. कुणी आजारांच्या नोंदींवरून साथीचा अंदाज लवकर कसा येईल ते पाहत होतं, कुणी राहण्याच्या सोयींचा विचार करत होतं. निलय कुलकर्णी या नाशिकच्या शाळकरी मुलाने आणि त्याच्या साथीदारांनी ‘अशिओतो’ नावाची चटई केली. तिच्यावर पाय पडला की माणूस मोजला जातो आणि आकडा लगेच पुढे पोचतो. 2015 च्या कुंभात ती वापरली गेली.

या चटईकडे मी आपल्या कामाच्या नजरेने बघते तेव्हा मला मोठा धडा दिसतो. ‘कुंभाच्या गर्दीचं नियंत्रण’ हा एवढा अवाढव्य प्रश्न, की त्याची कागदपत्रंच वर्षभर पुरली असती. त्यातून त्यांनी एकच प्रश्न उचलला: या वाटेने आत्ता किती माणसं गेली? तेवढ्याचं उत्तर देणारी, स्वस्त, उचलून कुठेही नेता येणारी वस्तू केली. आणि 29 ऑगस्ट 2015 चं पहिलं शाहीस्नान त्यांच्यासाठीही थांबणार नव्हतं.

तुझा असा एकच प्रश्न कोणता? मला विचारशील तर: ‘या तारखेला या लॉजमध्ये खोली रिकामी आहे का, आणि ती माझ्या नावावर राहील का?’ बस. पहिल्या स्प्रिंटच्या शेवटी एक लॉज, एक खोली, एक तारीख, एक आरक्षण, एवढं चालू दे. पैसे काउंटरवर रोख घेतले तरी चालतील. पण ते स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंत आरपार चालायला हवं आणि खऱ्या लॉजमालकाने स्वतःच्या फोनवर करून पाहायला हवं. नुसते लॉगिनचे पडदे, नुसते टेबल असं एकेक थर पूर्ण करत जाऊ नकोस. थरांचा शेवट एकदम येतो आणि त्याच दिवशी कळतं की जुळत नाही.

शिवाय तुला रंगीत तालमी फुकट मिळणार आहेत. श्रावणी सोमवारी त्र्यंबकला गर्दी उसळते, तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला तर विचारूच नको. 31 ऑक्टोबर 2026 ला सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे. रामनवमीला काळाराम मंदिराभोवती पाय ठेवायला जागा नसते. या प्रत्येक दिवसाला तुझं काहीतरी खरोखर वापरात असू दे, पाच लॉजपुरतं का होईना. गर्दीत मोबाइलचं नेटवर्क दाटतं, तेव्हा तुझं अ‍ॅप काय करतं हे ऑफिसच्या वायफायवर बसून कधीच समजणार नाही.

फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्ड इथे सतरा जणांनी बसून अजाइलचा जाहीरनामा लिहिला, तो पुन्हा एकदा वाच. एका पानाचा आहे. त्यात स्टँडअप नाही, पॉइंट नाहीत, बोर्डही नाही. चालणारं सॉफ्टवेअर हेच प्रगतीचं मुख्य माप, असं मात्र त्याच्या बारा तत्त्वांत स्वच्छ म्हटलंय. मी पुण्यात नोकरी करताना एक प्रकल्प पाहिला. दर शुक्रवारी अहवालात सगळे रकाने हिरवे, आणि शेवटच्या महिन्यात एका रात्रीत लाल. तिथे कुणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं. ‘ऐंशी टक्के झालं’ असं प्रत्येकाला मनापासून वाटत होतं. म्हणून टक्के विचारूच नकोस. झालं का नाही झालं, एवढंच विचार, आणि ‘झालं’ म्हणजे काय ते टीमने मिळून आधी लिहून ठेवा: टेस्ट झालं, दुसऱ्याने कोड पाहिला, डेमोला दाखवता येतं.

रोजच्या स्टँडअपबद्दल जरा जास्त लिहिते, कारण नव्या लीडच्या हातून तिथे नकळत मोडतोड होते. ती पंधरा मिनिटं टीमची असतात. सगळे तुझ्याकडे तोंड करून हजेरी द्यायला लागले की समज, त्यांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. बोर्डावर जे काम संपायला सर्वांत जवळ आलंय तिथून सुरुवात कर आणि विचार, हे आज संपायला कुणाची मदत हवी? सहा जणांनी सहा कामं अर्धी करून ठेवण्यापेक्षा तीन कामं पुरी होऊ देत. चालू कामांवर मर्यादा घालण्याची ही शिस्त टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी बसवली, सॉफ्टवेअरवाल्यांनी ती तिथून घेतली. आणि एखादा मुलगा म्हणाला, ‘मी अडकलोय’, तर त्या क्षणी तुझ्या चेहऱ्यावर काय दिसतं याकडे बाकीचे पाच जण बघत असतात. तू कपाळाला आठी घातलीस तर पुन्हा कुणी अडकल्याचं सांगणार नाही, आणि तुला बातमी जुलैमध्ये कळेल.

स्प्रिंट संपल्यावरच्या रेट्रोमध्ये सर्वांत नव्या माणसाला पहिलं बोलू दे, तू शेवटी बोल. ठरलेल्या सुधारणांपैकी एकच पुढच्या स्प्रिंटमध्ये घ्या, पण ती करा. पॉइंट आणि वेलॉसिटीवर फार डोकं घालू नकोस. पुढच्या पंधरवड्यात किती झेपेल हे टीमला कळावं, इतकाच त्यांचा उपयोग. शेजारच्या टीमच्या आकड्यांशी तुलना सुरू झाली की आकडे फुगतात, काम तेवढंच राहतं.

एक गोष्ट मात्र तुला याच आठवड्यात वरिष्ठांकडून पक्की करून घ्यावी लागेल. ग्राहकाकडून तीन जण तुला तीन वेगळ्या गोष्टी सांगतात, असं ताई म्हणाली. प्रॉडक्ट ओनर एकच हवा, आणि त्याला ‘हे नको’ म्हणण्याचा अधिकार हवा. तो नसेल तर विरळणी कुणीच करणार नाही, आणि रात्री दोनपर्यंत जागून सगळ्यांना खूश करण्याचं काम तुझ्या टीमवर येईल. हे सांगताना भिऊ नकोस. गोडीने सांग, पण बॅकलॉग समोर ठेवून, तारखेवर बोट ठेवून सांग. आणि जुलै 2027 मध्ये नवं काहीही घ्यायचं नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या, हेही आजच लिहून घे. तेव्हा कुणी ऐकणार नाही.

या रविवारी नाशकात ये. पंचवटीत दोन लॉजवाले माझ्या ओळखीचे आहेत. एक अजून वहीत नोंदी ठेवतात आणि मोबाइलवर फक्त व्हॉट्सअ‍ॅप बघतात. तुझ्याकडे काही तयार नसेल तर कागदावर पडदे काढून आण, ते त्यांच्या हातात देऊ. तू काही समजावून सांगायचं नाहीस, ते बोट कुठे ठेवतात तेवढंच पाहायचं. टीममधल्या कुणाला यायचं असेल तर त्यालाही घेऊन ये, जेवायला सगळे माझ्याकडेच.

तुझी,
मावशी