स्त्रीत्व-पुरुषत्व : जीवाचे की देहाचे?

सूत्रपाठाच्या आचार प्रकरणात स्त्री ही मादक द्रव्यांतील मुख्य होय, अशा आशयाचे एक सूत्र आहे. अन्य द्रव्ये सेवन केल्यावर मद आणतात, ही दर्शनमात्रेच आणते, असा त्याचा भाव. हे सूत्र एकटे उचलून स्त्रीदेह मुळातच हीन, असा निष्कर्ष काढणारे वक्ते पूर्वी होते, आजही आहेत.

केशोबासांनी सूत्रे लीळांतून वेगळी काढली. परंतु परंपरेने त्यांना प्रकरणवश जोडून ठेवले, ते याचसाठी. कोणास, कोणत्या प्रसंगी निरूपिले हे सुटले की वचनाचा अर्थ भलतीकडे जातो. प्रस्तुत सूत्रातील श्रोता विरक्त पुरुष होय. मद त्याच्या दृष्टीत उत्पन्न होतो. मद्य काही स्वतः झिंगत नाही. म्हणून येथे दोष सांगितला तो पाहणाऱ्याच्या विकाराचा. हेच सूत्र तपस्विनी पारायणात म्हणते, तेव्हा तिने 'स्त्री' या स्थानी 'पुरुष' समजून घेणे अर्थतः प्राप्तच आहे.

विचारदृष्ट्या तर शंकेला जागा नाही. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परभिन्न. देह प्रपंचाचा, लिंग देहाचे. जीवाला अनादी अविद्या आहे, लिंग नाही. (मराठीत 'जीव' शब्द पुल्लिंगी चालतो, हा व्याकरणाचा योगायोग, त्यावर सिद्धांत उभारू नये.) स्त्रियांच्या धर्माधिकाराविषयी आक्षेप निघाला असता सर्वज्ञांनी उलट पृच्छा केली, ती काहीशा विनोदाने : पुरुषांचे तेवढे पूर्ण जीव आणि स्त्रियांचे काय लहानसे जीव आहेत? त्यांचा परमेश्वर निराळा आहे काय?

मग देहावर उच्चनीचता बसविली कोणी? लोकाचाराने. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण विटाळाच्या लीळेत आहे. शरीराला नऊ द्वारे. नाक, डोळे, मलमूत्रद्वारे सर्वच स्रवतात. तसाच हाही एक धातूचा स्राव. स्रवतो आणि थांबतो. त्याचा विटाळ धरू नये, असे सर्वज्ञांनी निरूपण केले. देहाचा धर्म त्यांनी नाकारला नाही. त्यावर समाजाने चढविलेला अर्थ मात्र काढून टाकला. ते तेराव्या शतकात, यादवकालीन महाराष्ट्रात, जेथे व्रतवैकल्यांचे शास्त्र राजाश्रयाने लिहिले जात होते!

आचारही याला अनुसरूनच होता. अटन, भिक्षा, स्मरण हा संन्यासधर्म स्त्रियांसही दिला गेला. महदाइसा नुसत्या ऐकत नसत, खोदून प्रश्न विचारीत. सर्वज्ञांना त्यांच्या जिज्ञासेचे कौतुक होते. त्यांनी ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी रचलेले धवळे आद्य मराठी कवयित्रीची रचना मानले जातात. पुढे केशोबास संस्कृतात ग्रंथरचना करू लागले, तेव्हा भटोबासांनी त्यांना थांबविले. त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, हे कारण दिले. पंथाचे वाङ्मय मराठीत राहिले, त्यात या वृद्ध स्त्रियांचा मोठा वाटा आहे, हे फारसे बोलले जात नाही.

असे असता काही वासनिकांच्या घरी आजही सूनबाई चार दिवस बाजूस बसते, त्या दिवसांत देवपूजेच्या विशेषास हात लावीत नाही, पोथी दुसऱ्याकडून ऐकते. विचारले तर 'आमच्याकडे पूर्वापार आहे' असे उत्तर मिळते. आणि त्या पोथीत पुष्कळदा हीच लीळा असते.