कासवाच्या नकाशाचे पैसे लष्कर का देतं?



‘अधिवास’ हा शब्द शिकवताना आपण बहुतेक वेळा जंगल नाहीतर तळं घेतो. वाघ जंगलात, मासा पाण्यात, झालं. मुलं पाठ करतात आणि विसरतात. आज तोच धडा एका वेगळ्या जागी नेऊ या, जिथे रणगाडे धावतात. मोठ्या वर्गांना हा विषय हमखास आवडतो. कारण त्यात एक कोडं आहे: ज्यांचं काम लढाईची तयारी करणं, ते कासवं कुठे राहतात हे शोधायला पैसे का देतात?

जागा आहे अमेरिकेतलं मोहावी वाळवंट. कॅलिफोर्नियात तिथे फोर्ट अर्विन नावाचा लष्करी तळ आहे. क्षेत्रफळ साधारण २,६०० चौरस किलोमीटर. सैन्याच्या मोठमोठ्या तुकड्या इथे येऊन खऱ्या लढाईसारखा सराव करतात. वाळवंट म्हटलं की मुलांना वाटतं नुसती वाळू, काय बिघडणार? त्यांना एवढंच सांगा, की दुसऱ्या महायुद्धात १९४२ पासून याच भागात जनरल पॅटनच्या रणगाड्यांचा सराव झाला होता, आणि त्या चाकोऱ्या काही ठिकाणी अजून दिसतात. पाऊस कमी, झुडपं हळू वाढणारी. तिथली जखम लवकर भरत नाही.

याच जमिनीत वाळवंटी कासव राहतं. आयुष्याचा बहुतेक काळ ते बिळात काढतं. वयात यायलाच त्याला पंधरा-वीस वर्षं लागतात. पाणी मूत्राशयात साठवून ठेवतं, आणि घाबरलं की ते सोडून देतं. म्हणजे आपण प्रेमाने उचललं तरी त्याचा महिन्यांचा पाणीसाठा जाऊ शकतो! १९९० साली मोहावीतल्या या कासवाला अमेरिकेच्या कायद्याने ‘धोक्यात आलेली प्रजाती’ म्हणून संरक्षण मिळालं.

आता कोड्याचं उत्तर. तिथे १९७३ चा संकटग्रस्त प्रजाती कायदा आहे. कोणतंही सरकारी खातं, मग ते लष्कर का असेना, आपल्या कामामुळे अशी प्रजाती नष्ट होण्याच्या वाटेवर जाणार नाही याची खात्री वन्यजीव खात्याशी सल्लामसलत करून देण्यास बांधलेलं आहे. शिवाय लष्करी जमिनीवरच्या निसर्गासाठी सायक्स कायदा आहे, मूळ १९६० चा. १९९७ च्या दुरुस्तीनंतर ज्या तळांवर सांभाळण्यासारखं निसर्गधन आहे, त्यांना त्याची लेखी योजना करावी लागते आणि किमान दर पाच वर्षांनी ती तपासावी लागते. थोडक्यात, कासव कुठे आहे हे माहीत नसेल तर सरावच अडकतो. म्हणून पर्यावरण संशोधनासाठी संरक्षण खात्याचा स्वतंत्र निधी आहे. त्यातला एक कार्यक्रम, सर्डप, १९९० पासून चालतो. हे भूतदयेतून आलेलं नाही, आणि मुलांना तसं सांगूही नये.

पण कासवं मोजायची कशी? ती बिळात, आणि वाळवंट अफाट. इथे ‘मॉडेल’ येतं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातल्या शास्त्रज्ञांनी २००९ साली असं एक मॉडेल प्रसिद्ध केलं. त्यांनी चार राज्यांतल्या वाळवंटाचे एक-एक चौरस किलोमीटरचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनाची उंची, उतार, पाऊस, माती, खडक, झाडोरा अशी १६ प्रकारची माहिती भरली. मग पूर्वीच्या पाहण्यांत कासवं जिथे जिथे आढळली होती ती हजारो ठिकाणं त्यावर ठेवली. संगणकाने शोधलं, की कासव सापडलेल्या चौकोनांत सारखं काय आहे. त्यावरून प्रत्येक चौकोनाला ० ते १ मधला एक आकडा मिळाला. १ च्या जवळ म्हणजे जागा कासवाला सोयीची.

इथे थांबून मुलांना विचारा: आकडा ०.९ आला म्हणजे तिथे कासव आहे का? बरीच मुलं ‘हो’ म्हणतील. उत्तर ‘नाही’ आहे. जागा चांगली आहे, एवढंच कळलं. हा नकाशा माणसाने केलेले बदल धरत नाही, हे त्या शास्त्रज्ञांनीच लिहून ठेवलं आहे.

आणि माणूस वगळून चालत नाही, हे वर्षभर आधीच दिसलं होतं. २००१ च्या अखेरीस फोर्ट अर्विनला सुमारे १,१०,००० एकर जास्तीची जमीन देण्याचा कायदा झाला. तिथली कासवं हलवणं भाग होतं. कुठे सोडायची हे ठरवतानाही रस्ते, जमिनीची मालकी वगैरे धरून नकाशांवर गणित मांडलं गेलं. २००८ च्या वसंतात पाचशेहून जास्त कासवं उचलून नव्या जागी सोडली. त्यानंतर कोयोटांनी, म्हणजे आपल्या कोल्ह्याच्या अमेरिकन भाऊबंदांनी, त्यातली बरीच मारून खाल्ली. ओरड झाली, आणि स्थलांतर थांबवावं लागलं.

सगळ्यांना वाटलं, हलवल्यामुळेच मेली. पण शास्त्रज्ञांनी तीन गटांना ट्रान्समीटर लावले होते: हलवलेली कासवं, नव्या जागी आधीपासून राहणारी कासवं, आणि दूरवरची, ज्यांना कोणी हात लावला नव्हता अशी. २०१० साली निष्कर्ष आला, की कोयोटांनी तिन्ही गटांना जवळपास सारखंच मारलं होतं. दुष्काळामुळे ससे-उंदीर कमी झाले होते. माणसांच्या वस्तीजवळ कचऱ्यावर आणि पाण्यावर कोयोट पोसले जातात, आणि जिथे वस्ती जास्त तिथे कासवांचे मृत्यूही जास्त होते. ‘नियंत्रण गट’ कशासाठी असतो हे समजवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. तो तिसरा गट नसता तर सगळे चुकीचं शिकले असते.

एखादा चौकस पालक विचारेल, पैसे लष्कराचे, मग अभ्यास खरा कशावरून? प्रश्न रास्त आहे. माझं मत असं, की पैसे कोणाचे यापेक्षा आकडे उघड झाले का, हे आधी पाहावं. इथे लष्कराला न परवडणारे मृत्यूचे आकडेही छापून आले.

आणखी एक गंमत. सरावाच्या जमिनीवर घरं, शेती, मॉल होत नाहीत. त्यामुळे रणगाड्यांच्या शेजारीही प्राणी टिकतात. राजस्थानात पोखरणच्या लष्करी गोळीबार क्षेत्रात माळढोक आढळतो, तोच पक्षी ज्याच्यासाठी आपलं सोलापूरजवळचं नान्नज अभयारण्य आहे.

वर्गात करायचं काम: आलेख कागदावर शाळेच्या आवाराचे दहा बाय दहा चौकोन पाडा. प्रत्येक चौकोनात सावली, ओल, माती यांना ० किंवा १ गुण द्या. मुलांना मुंग्यांची वारुळं कुठे सापडतील याचा अंदाज बांधायला सांगा आणि मगच मैदानात पाठवा. अंदाज चुकलेल्या चौकोनांची वेगळी यादी करायला लावा. पुढचा तास त्या यादीवर घ्या.