बिघडतं ते कापताना

भोसरीतल्या एका हीट ट्रीटमेंटवाल्याचा गिअर शाफ्टचा अख्खा लॉट अडकून पडला होता. ईएन 353 चा माल, कार्बुरायझिंग करून तेलात क्वेंच केलेला, 180 अंशांवर टेम्परिंग. बाहेरच्या लॅबने शेरा मारला होता, 'टेम्परिंग जास्त, कडकपणा कमी'. फेरतपासणी माझ्याकडे आली. लॅबच्या सूक्ष्मदर्शकाच्या फोटोत काळपट डाग होते खरे. पण सोबत आलेल्या उरलेल्या तुकड्यावर, कापाच्या कडेला, निळी झाक दिसत होती. पोलादावर निळा रंग चढतो तो साधारण 300 अंशांना. म्हणजे 180 ला काढलेला जॉब ग्राइंडरच्या कोरड्या चकतीखाली पुन्हा तापला होता. त्याच शाफ्टचा दुसरा तुकडा भरपूर कुलंट सोडून कापला, तर सुबक सुयांसारखं मार्टेन्साइट दिसलं आणि कडकपणाही बरोबर आला. भट्टीवरच्या माणसांना मात्र तोवर विनाकारण बोलणी बसली होती, आणि याचा मला आजही राग येतो.

म्हणून नव्या मुलांना माझं सांगणं असतं, की सगळ्यात जास्त वेळ सॅम्पल कापण्याला द्या. कडक पोलादाला मऊ बाँडची चकती लागते, म्हणजे बोथट झालेले कण झडून नवे कण पुढे येतात. कापताना जोर लावू नका. कोरडं कापणं भागच असेल, तर हव्या त्या जागेपासून लांब कापा आणि जळका भाग पाण्याखाली घासून पुरता काढून टाका.

माउंटिंगच्या वेळीही उष्णता आड येते. बेकेलाइटचा प्रेस दीडशे अंशांच्या वर जातो; नुसता क्वेंच केलेला, टेम्परिंग न झालेला तुकडा त्यात घालू नये. तिथे थंड इपॉक्सी वापरा. केस डेप्थ मोजायची असेल तर चिकटून बसणारं, कमी आकसणारं रेझिन घ्या. फट राहिली की कड गोल होते आणि वरची केस नीट दिसतच नाही.

एमरी पेपर बदलताना सॅम्पल काटकोनात फिरवा, आधीचे ओरखडे पुरते जाईपर्यंत थांबा, हात आणि सॅम्पल दोन्ही धुवा. पॉलिशिंग झालं की एचिंगआधी एकदा सूक्ष्मदर्शकाखाली बघाच. इन्क्लूजन, बारीक भेगा आणि कडेचं ऑक्सिडेशन तेव्हाच स्वच्छ दिसतं. मग 2 टक्के नायटल, काही सेकंद, चकाकी मंदावेपर्यंत. लगेच पाणी, अल्कोहोल, गरम हवा. कमी चढलं तर पुन्हा चढवता येतं. जास्त झालं तर परत पॉलिशिंगवर.

ग्राहक ग्रेन साइझ मागतो तेव्हा मात्र नायटलवर विसंबू नका. त्यात मार्टेन्साइट दिसतं. क्वेंचिंगआधीच्या ऑस्टेनाइटच्या कणांच्या सीमा सहसा दिसत नाहीत. त्यासाठी पिक्रिक ॲसिडचं संपृक्त जलीय द्रावण, त्यात थोडं डिटर्जंट, आणि ते कोमट करून, फ्यूम हूडखालीच वापरायचं. पुढे 100 पट मोठं करून एएसटीएम ई112 च्या तक्त्याशी ताडून बघा.

नायटल बनवताना ॲसिड अल्कोहोलमध्ये ओता, उलट कधीही नाही, आणि बाटलीला घट्ट बूच मारू नका. पिक्रिक ॲसिड कायम ओलं ठेवा. वाळलं की ते स्फोटक होतं. झाकणाच्या आट्यांवर पिवळे कण वाळलेले दिसले, तर बाटली हलवू नका, उघडू नका, आणि आधी सेफ्टी ऑफिसरला बोलवा.