'तांबडी चामडी' आणि आमची हलगी

औंध म्हटले की जाणकारांना अंतूबुवा जोशी यांनी १९४० साली सुरू केलेला संगीत महोत्सव आठवतो. मला मात्र येथे वरातीत वाजणाऱ्या एका गाण्याविषयी लिहावयाचे आहे.

आमच्या घरात हलगी पिढीजात. तात्या, म्हणजे माझे चुलते, हलगी वाजवीत आणि वडील घुमकं. लग्नसराईत सुपारीवर सुपारी असे. पुढे डॉल्बी आली आणि सुपाऱ्या आटल्या. बारावीच्या सुटीत मी स्वतःच डॉल्बीच्या टेंपोवर पेट्या चढवायला जात होतो. तात्यांना हे वर्षभर सांगितले नव्हते.

त्याच टेंपोवर मी 'तांबडी चामडी' प्रथम ऐकले. संगीत पुण्याचा डीजे क्रेटेक्स, म्हणजे क्रुणाल घोरपडे, याचे. शब्द आणि आवाज श्रेयस सागवेकर याचा. २०२४ साली नेदरलँड्समधील स्पिनिन रेकर्ड्स या कंपनीने ते काढले आणि मोबाईलवरच्या रील्समधून ते घरोघर गेले. क्रेटेक्स या प्रकाराला 'एम-हाऊस' म्हणतो. एम म्हणजे मराठी. हाऊस संगीत मूळचे शिकागोचे. तेथे १९७७ साली वेअरहाऊस नावाचा क्लब निघाला, त्यात फ्रँकी नकल्स तबकड्या वाजवी. हाऊस हे नाव त्या क्लबावरून पडले असे मानतात. या संगीतात दर मात्रेला एक जड ठोका, असे चार ठोके सारख्या अंतराने पडत राहतात. मिनिटाला साधारण एकशेवीस ते एकशेतीस. म्हणजे दोन ठोक्यांत जेमतेम अर्धा सेकंद.

मग मराठी शब्द त्यात बसले कसे? वृत्तशास्त्राच्या तासाला मी वहीच्या मागच्या पानावर हे नाव मांडून पाहिले. लिहिताना अक्षरे सहा: गालगा गालगा, म्हणजे र गण दोनदा. पण बोलताना आपण 'ब' आणि 'म' अर्धेच उच्चारतो. तांब्-डी-चाम्-डी. उरले चार तुकडे, चारही जड, आणि ठोकेही चारच! चाल लावण्याआधीच बोलीने अर्धे काम केलेले आहे. पुस्तकी मराठीत हे गाणे उभे राहिले नसते, असे मला वाटते. या जोडीचे यश मी येथे पाहतो. नुसत्या ठेक्यावर मराठी चिकटवणारे पुष्कळ आहेत. असो.

हलगी-घुमक्याची वाटणीही हीच. घुमकं जमीन धरते, हलगी तिच्यावर बोलते. येथे ठोका घुमक्याच्या जागी आहे आणि शब्द हलगीच्या.

दिवाळीत धीर करून तात्यांना टेंपोचे सांगितले. ते काही बोलले नाहीत. मग म्हणालो, "तात्या, एक गाणं ऐका की." त्यांनी शेवटपर्यंत ऐकले.

"घुमकं बरं हाय," ते म्हणाले. "पर ह्याला तापवावं लागत न्हाई लेका. म्हंजी ते उतरत बी न्हाई. आन् जे उतरत न्हाई त्याला वाजवणारा कशाला लागतोय?"

याला माझ्या वहीत उत्तर नव्हते. थोड्या वेळाने त्यांनी खुंटीवरची हलगी काढली, चुलीपुढे धरून तापवली आणि गाणे पुन्हा लावायला सांगितले. पहिल्यांदा ते मागे पडले. दुसऱ्यांदा ठोक्यावर ठोका पडू लागला, तेव्हा त्यांनीच मान हलवून हात थांबवला. तिसऱ्यांदा त्यांनी ठोका सोडून दिला आणि दोन ठोक्यांच्या मधल्या अर्ध्या सेकंदात टिपरू टाकले.

वडील उठून घुमकं शोधू लागले. त्याचे चामडे उंदरांनी खाल्ले होते.