जुन्या जीपचा क्लच कसा निवडावा?

शिरूर तालुक्यांतील पाबळ हें गांव मस्तानीच्या समाधीमुळें पुष्कळांस ऐकून माहीत असतें. शिक्षणाच्या क्षेत्रांत त्याची दुसरीही एक ओळख आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं येथें विज्ञान आश्रम स्थापन केला आणि हातानें काम करीत करीत शास्त्र शिकावें, हा विचार ग्रामीण मुलांना बरोबर घेऊन प्रत्यक्षांत आणला. २००२ सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेच्या सहकार्यानें तेथें 'फॅब लॅब' निघाली. आम्हांस मात्र त्याहून अधिक कौतुक वाटतें तें आश्रमांत तयार झालेल्या 'मेकबुल' नांवाच्या लहान ट्रॅक्टरचें. जीपचे जुने भाग जोडून शेतीचें यंत्र उभें करावयाचें, तर प्रत्येक भागाची ताकद किती व ती कशावर अवलंबून आहे, हें करणारास मोजतां आलेंच पाहिजे. आज आम्ही त्याच जीपचा एक भाग विचारासाठीं घेतों. तो भाग म्हणजे क्लच.

महिंद्र कंपनीनें मुंबईस १९४७ सालीं विलीज जीप जोडण्यास प्रारंभ केला. तेव्हांपासून ह्या गाडीनें आपल्या खेडेगांवांत जितकीं कामें केलीं तितकीं दुसऱ्या कोणत्याही मोटारीनें केलीं नसतील. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं, निदान शेजारीं, अशी एखादी म्हातारी जीप अद्याप उभी असेल. तिच्यांतून पाहुणे जातात, तिच्यामागें ट्रॉली लावून चाकणच्या बाजारीं कांदाही जातो. चढ आला कीं ती ओढीनाशी होते, इंजिन ओरडतें पण वेग वाढत नाहीं, आणि जळक्या लायनिंगचा वास येतो. मग मालक गॅरेजांत जातो. तेथें कोणी तरी त्यास सुचवितो कीं, नेहमींची प्लेट घालूं नका, शर्यतीच्या गाड्यांना घालतात तसली 'परफॉर्मन्स' क्लच प्लेट घाला, म्हणजे पुन्हां पाहावें लागणार नाहीं. सल्ला देणाराचा हेतु वाईट असतो असें नाहीं. परंतु बियाण्यासाठीं बाजूस ठेवलेले पैसे त्या सल्ल्यावर खर्च होणार असतील, तर आधीं वहीपेन्सिल घेऊन थोडा हिशेब केलेला बरा. हा हिशेब दहावीच्या विद्यार्थ्यास करतां येण्याजोगा आहे, आणि पालकांनीं तो त्याच्याकडून करवून घ्यावा असें आम्हांस वाटतें.

प्रथम क्लचचें काम काय तें पाहूं. इंजिनाच्या टोकास फ्लायव्हील नांवाचें एक जड चक्र असतें. गिअरबॉक्सच्या दांड्यावर क्लच प्लेट बसते. तिच्या दोन्ही अंगांस घर्षणाचें लायनिंग लावलेलें असतें. प्रेशर प्लेट स्प्रिंगांच्या जोरानें हिला फ्लायव्हीलवर दाबून धरते, म्हणून इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही फिरतो. पायानें पेडल दाबलें कीं तो दाब सुटतो व दोघांची फारकत होते. पिठाच्या गिरणीचा पट्टा ढिला पडला म्हणजे मोटर फिरत राहते आणि जातें मात्र अडतें, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. क्लच सरकतो म्हणजे हेंच घडतें.

मिस्त्री ज्यास टॉर्क म्हणतात तो पीळ क्लचला किती वाहून नेतां येईल, हें चार गोष्टींवर ठरतें. लायनिंगचा घर्षणांक, स्प्रिंगांचा दाब, घर्षणाच्या कड्याची सरासरी त्रिज्या आणि घर्षण करणाऱ्या बाजूंची संख्या. ह्या चारींचा गुणाकार केला कीं उत्तर मिळतें. समजा, प्लेटीचा बाहेरचा व्यास २१६ मिलिमीटर म्हणजे साडेआठ इंच आहे, व लायनिंगचा आंतला व्यास १४४ मिलिमीटर आहे. म्हणजे त्रिज्या १०८ व ७२, त्यांची सरासरी ९० मिलिमीटर, अर्थात् ०.०९ मीटर. घर्षणांक ०.३ धरूं. स्प्रिंगांचा एकूण दाब ४,००० न्यूटन, म्हणजे सुमारें चारशें किलो वजनाइतका धरूं. बाजू दोन. मग ०.३ × ४,००० × ०.०९ × २ = २१६ न्यूटन-मीटर. (व्यास व उत्तर दोन्ही २१६ आलीं हा निव्वळ योगायोग होय, त्यांत कांहीं गूढ शोधूं नये.)

आतां इंजिनाकडे वळूं. विलीज जीपचें जुनें 'गो डेव्हिल' पेट्रोल इंजिन ६० अश्वशक्तीचें होतें आणि त्याचा सर्वाधिक पीळ १०५ पौंड-फूट, म्हणजे सुमारें १४२ न्यूटन-मीटर होता. आपल्या हिशेबांतला साधा क्लच ह्याच्या दीडपट पीळ पेलतो. ही दीडपट म्हणजे चैन नव्हे. लायनिंग झिजतें, तापतें, स्प्रिंगा थकतात, ह्या सर्वांची तरतूद तीत असते. परंतु तिचा अर्थ असाही होतो कीं, मूळ मापाचा निरोगी क्लच मूळ इंजिनापुढें सरकण्याचें कांहीं कारण नाहीं. तो सरकतो आहे, तर गुणाकारांतील एखादा अंक घटलेला आहे. कोणता, हें शोधणें हेंच खरें निदान.

बाजूंची संख्या घटत नाहीं, आणि त्रिज्या सहसा बदलत नाहीं. राहिले दोन अंक, घर्षणांक व दाब. घर्षणांकाचा मोठा शत्रू तेल. इंजिनाच्या मागच्या किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलांतून तेल झिरपून लायनिंगवर आलें, आणि घर्षणांक ०.३ वरून ०.१ वर उतरला असें धरा. वरचा गुणाकार पुन्हां करा. उत्तर ७२ न्यूटन-मीटर येतें, म्हणजे इंजिनाच्या पिळाच्या निम्मेंच. अशा गाडींत कितीही महाग प्लेट घातली तरी त्याच सीलांतून तेंच तेल तिच्यावर उतरणार. येथें थोड्या पैशांचें सील बदलल्यानें जें काम होतें तें अनेकपट महाग प्लेटीनें होत नाहीं.

दाबाचें दुखणें याहून फसवें असतें. पेडलास वरच्या अंगास थोडी मोकळी चाल असावी लागते. लायनिंग झिजत जातें तशी ही चाल कमी होत जाते. ती संपली कीं चालकाचा पाय पेडलावर नसतांनाही कोणी तरी पेडल अर्धवट दाबून धरल्यासारखें होतें. स्प्रिंगा चांगल्या, प्लेट चांगली, तरी दाब पुरता बसत नाहीं. ही चाल बोटानें पेडल हलवून पाहतां येते व जोडणी फिरवून पाव तासांत दुरुस्त करतां येते. आमचा अनुभव असा कीं, हें न पाहतांच गिअरबॉक्स उतरवावयास घेणारे लोक थोडे नाहींत. पेडलावर पाय टेकवून गाडी हांकण्याची संवयही ह्याच सदरांत येते, मात्र तिला पाना चालत नाहीं.

येथवर सर्व ठीक निघालें आणि तरीही अधिक ताकदीचा क्लच हवा असेल, तर ती ताकद कोठून येते व तिच्याबद्दल काय मोजावें लागतें, हें पाहिलें पाहिजे. दाब वाढविणें हा एक मार्ग. दाब दीडपट केला तर पीळ दीडपट होतो, पण पेडलही तितकेंच जड होतें. शिक्रापूरच्या चौकांत गाड्यांची रांग लागली असतां असलें पेडल अर्धा तास दाबून पाहावें, म्हणजे जाहिरातींत काय लिहिलेलें नसतें तें कळतें. शिवाय पेडल दाबतांना तो जादा भार इंजिनाच्या क्रँकशाफ्टला पुढें ढकलतो आणि त्याचें थ्रस्ट बेअरिंग झिजवितो. चाळीस वर्षांच्या इंजिनावर हा प्रयोग करूं नये.

दुसरा मार्ग घर्षणांक वाढविण्याचा. साध्या लायनिंगच्या जागीं सिरॅमिकचे अथवा धातूच्या भुकटीपासून भाजून केलेले वेगवेगळे तुकडे प्लेटीवर बसविलेले असतात. ते उष्णता फार सोसतात आणि पकड घट्ट धरतात, म्हणून शर्यतींत त्यांचें महत्त्व. परंतु त्यांची पकड हळूहळू बसत नाहीं, एकदम बसते. शर्यतींत गाडी एकदां सुटली कीं क्लचचें काम बहुधा गिअर बदलण्यापुरतें उरतें. आपल्या जीपला मात्र खळ्यांत ट्रॉलीसह इंच इंच मागें यावयाचें असतें, आणि तेथें असली प्लेट हिसके देते व थरथरते. फ्लायव्हीलचा पृष्ठभागही ती लवकर खाते. केव्हलर नांवाच्या धाग्याचीं लायनिंगें यापेक्षां मऊ चालतात व पुष्कळ टिकतात, फक्त त्यांना नीट बसण्यास अधिक दिवस लागतात. दोन प्लेटींचे क्लचही असतात, पण जुन्या जीपच्या घरांत त्यांना जागा करणें हें वेगळेंच प्रकरण होईल.

ह्या मालावर 'स्टेज एक', 'स्टेज दोन', 'स्टेज तीन' असे आंकडे छापलेले आढळतात. सर्व कारखानदारांनीं मिळून ठरविलेलें असें ह्या आंकड्यांचें एकच माप नाहीं. एकाची दुसरी पायरी दुसऱ्याच्या पहिलीइतकी असूं शकते. म्हणून दुकानदारास पायरी विचारूं नये, न्यूटन-मीटर विचारावे.

आतां एक गोष्ट अशी आहे कीं ती पुष्कळ जाणत्या चालकांच्याही ध्यानांत येत नाहीं. चढावर ब्रेक न लावतां 'हाफ क्लच'वर गाडी धरून ठेवण्याची रीत सर्वत्र आढळते. भरलेली जीप २,००० किलोची, व चढ दहास एक असा धरा. गाडीस मागें ओढणारें बल सुमारें २,००० न्यूटन होतें. चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर धरली तर चाकांवर ७०० न्यूटन-मीटर पीळ लागतो. पहिल्या गिअरांत इंजिन व चाक यांचें प्रमाण पंधरास एक असतें असें धरलें, तर क्लचवर सुमारें ४७ न्यूटन-मीटर पीळ येतो. इंजिन मिनिटास १,५०० फेरे करीत असेल, म्हणजे सेकंदास १५७ रेडियन, तर क्लचमध्यें दर सेकंदास ४७ × १५७, म्हणजे सात हजारांहून अधिक ज्यूल उष्णता निर्माण होते. एक किलोवॉटच्या सात शेगड्या एका पितळी ताटाएवढ्या जागेंत पेटविल्यासारखें हें झालें. आणि पाहा, ह्या सबंध हिशेबांत प्लेट कोणत्या जातीची हा प्रश्न कोठेंच आला नाहीं! महाग प्लेट ही उष्णता अधिक वेळ सोसील, पण ती एका ज्यूलानेंही कमी करूं शकणार नाहीं. ती कमी करतो हँडब्रेक. चारही चाकांचा जोर व लो गिअरचा दांडा असलेल्या जीपमध्यें कच्च्या चढावर तो दांडा टाकला, तर क्लचवरील पीळ निम्म्याच्याही खालीं येतो, आणि तो दांडा गाडीबरोबर फुकट मिळालेला असतो. कित्येक जीपमध्यें तो वर्षानुवर्षें न वापरल्यामुळें गंजून बसलेला आम्हीं पाहिला आहे.

अधिक ताकदीच्या क्लचची खरी जोखीम त्याच्या मागें असलेल्या भागांना असते. घरांतील विजेच्या फ्यूजप्रमाणें क्लच हा सरकून मागच्यांचें रक्षण करतो. पेडलावरून पाय एकदम सुटला तर फ्लायव्हीलचा सगळा जोर गिअरबॉक्सवर येऊं पाहतो, पण क्लच आपल्या ताकदीपलीकडे जाऊं देत नाहीं. आपल्या २१६ न्यूटन-मीटरच्या क्लचमागें पंधराच्या प्रमाणानें ॲक्सलवर ३,२४० न्यूटन-मीटरचा फटका बसेल. क्लचची ताकद दुप्पट केली कीं तोच फटका ६,४८० पर्यंत जाऊं शकतो. रिकामी जीप खडीवर असली तर चाकें घसरून ॲक्सल वांचतो, पण कांद्याच्या भारानें दाबलेलीं चाकें कोरड्या डांबरावर घसरत नाहींत. मग गिअरचे दांते, जॉइंट, क्राऊन-पिनियन किंवा ॲक्सल यांपैकीं जो अशक्त असेल तो जातो, तोही भर चढावर आणि भरल्या गाडींत. हे भाग प्लेटीपेक्षां कितीतरी महाग, आणि जुन्या गाडीचे तर मिळणेंही कठीण.

तर मग वाढीव क्लच घ्यावाच केव्हां? इंजिन बदललें असेल तेव्हां. पुष्कळ जीपांतून जुनें पेट्रोल इंजिन काढून मोठें डिझेल इंजिन घातलेलें असतें. अशा बदलास मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणें नोंदणी अधिकाऱ्यांची संमति लागते, हें पालकांनीं लक्षांत ठेवावें. नव्या इंजिनाचा सर्वाधिक पीळ त्याच्या पुस्तिकेंतून घ्यावा, त्यास सव्वा ते दीडनें गुणावें, आणि येणाऱ्या आंकड्याच्या जवळचा क्लच घ्यावा, त्याच्या फार वरचा नको. मध्यभागीं स्प्रिंगा असलेली प्लेटच निवडावी, कारण त्या स्प्रिंगा डिझेलचे धक्के गिळतात. सपाट मध्याची प्लेट स्वस्त मिळाली तरी घेऊं नये.

दुकानांत जातांना जुनी प्लेट बरोबर न्यावी. बाहेरचा व्यास, मध्यांतील खांचांची संख्या, गिअरबॉक्सच्या दांड्याची जाडी व रिलीज बेअरिंगचा प्रकार हीं चारही जुळलीं पाहिजेत. तीन बोटांच्या प्रेशर प्लेटीचें बेअरिंग पाकळ्यांच्या डायफ्रॅम स्प्रिंगवर चालेलच असें नाहीं. जुनी प्लेट काढतांना घरांत सांचलेली काळी भुकटी फुंकर मारून किंवा हवेच्या नळीनें कदापि उडवूं नये. पूर्वींच्या लायनिंगांत ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. ओल्या फडक्यानें ती पुसावी व फडकें पिशवींत बांधून टाकावें. काम मुलगा करीत असेल तर हें वडिलांनीं जवळ उभें राहून पाहावें.

फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चिरा दिसल्या तर तें लेथवर साफ करून घ्यावें. लायनिंगला तेलकट बोट लावूं नये. प्लेट बसल्यावर पहिले चार-पांचशें किलोमीटर ट्रॉली जोडूं नये, म्हणजे लायनिंग व फ्लायव्हील एकमेकांवर नीट बसतात. पहिल्या आठवड्यानंतर पेडलाची मोकळी चाल पुन्हां तपासावी, कारण नवें लायनिंग प्रथम थोडें भरभर झिजतें.