आजाराचे नाव आणि मनाचा त्रास
परीक्षा जवळ आली की ‘मला डिप्रेशन आहे’ असे विद्यार्थी सहज म्हणतात. वह्या नीटनेटक्या ठेवणारी मुलगी स्वतःस ‘ओसीडी’ असल्याचे सांगते. यामुळे खरे रुग्ण दुखावतात, कारण त्या आजारात नकोसे विचार व कृती रोजचा तासभर वा अधिक वेळ खातात. तथापि याला सोंग म्हणून मोकळे होणे अधिक घातक होय. भीती, निद्रानाश वा घरातील कलह सांगण्यास शब्द न सापडल्यानेही मूल आजाराचे नाव उसने घेते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार आजार मान्य वैद्यकीय निकषांवरच ठरतो. दिव्यांग आरक्षणास किमान ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र लागते. लबाडीस शिक्षाही आहे. मदत मागण्यास मात्र प्रमाणपत्र लागत नाही. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक निदान न झालेल्यासही खुला आहे, तो शाळेच्या फलकावर लिहावा.